चाकाची खुर्ची ही भीक नव्हे!

दि. १२ फेब्रुवारी २०२४. न्यूयॉर्कहून आलेले विमान मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळावर उतरले. त्यातून एक वृद्ध दांपत्य बाहेर पडले. दोघांनीही चाकाच्या खुर्चीची, म्हणजेच व्हीलचेअरची मागणी आधीच नोंदवलेली होती. प्रत्यक्षात खुर्ची आली ती एकच. तीवर पत्नी बसली आणि ऐंशी वर्षांचे पती तिच्या मागोमाग चालू लागले. विमानाच्या दारापासून पारपत्र तपासणीच्या कक्षापर्यंतचे अंतर तरुणालाही लांब वाटावे असे. तेथे पोहोचल्यावर ते कोसळले. रुग्णालयात नेल्यावर त्यांचा मृत्यू झाल्याचे सांगण्यात आले.

विमान कंपनीने खुलासा केला. दुसरी खुर्ची येईपर्यंत थांबण्याची विनंती आम्ही केली होती. पण त्यांनी पत्नीसोबत चालत जाणे पसंत केले, असे त्यात म्हटले होते. जणू ऐंशीव्या वर्षी, रात्रभराच्या प्रवासानंतर पत्नीला एकटीला पुढे जाऊ न देणे हाच त्या गृहस्थांचा अपराध! नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला मात्र हा खुलासा पटला नाही. एअर इंडियाला ३० लाख रुपयांचा दंड ठोठावण्यात आला. वृत्तपत्रांत चार दिवस बातम्या आल्या आणि विषय संपला.

तो खरोखर संपला का? आज मराठी मध्यमवर्गातील किती घरांत मुलगा वा मुलगी अमेरिकेत, इंग्लंडमध्ये, आखातात आहे? नातवाच्या जन्मासाठी, मुंजीसाठी, मुलीच्या बाळंतपणासाठी किती आईवडील दरवर्षी हा प्रवास करतात? गुडघे दुखतात, इंग्रजीचा सराव नाही, विमानतळाचा पसारा छाती दडपवणारा. या सर्वांची भिस्त असते ती तिकिटावर नोंदवलेल्या एका साहाय्याच्या शब्दावर. तो शब्द पाळला गेला नाही तर काय होते, हे त्या दिवशी मुंबईत दिसले. हा प्रश्न मूठभरांचा नाही, तो आपल्या प्रत्येकाच्या उंबरठ्याशी आलेला आहे.

हा अपघात नव्हता

ज्यांना ही एकांडी घटना वाटते त्यांनी थोडे मागे वळून पाहावे. दि. १९ फेब्रुवारी २०१२ रोजी जीजा घोष कोलकात्याहून गोव्याला निघाल्या होत्या. त्यांना सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे स्नायूंवरील नियंत्रणात येणारे अपंगत्व आहे. त्या स्वतः या क्षेत्रातील नामवंत कार्यकर्त्या. गोव्यातील परिषदही अपंगांच्या प्रश्नांवरचीच होती. स्पाइसजेटच्या विमानात त्या आपल्या आसनावर बसलेल्या असताना त्यांना खाली उतरवण्यात आले. कारण एवढेच की, त्यांची अवस्था पाहून वैमानिकाला त्यांना नेणे सुरक्षित वाटले नाही. कोणत्याही डॉक्टरने त्यांना तपासले नव्हते. ज्या परिषदेत अपंगांच्या सन्मानाविषयी बोलायचे, त्या परिषदेच्या वाटेवरच एका सुशिक्षित भारतीय स्त्रीचा सन्मान हिरावला गेला!

जीजा घोष गप्प बसल्या नाहीत. मुंबईतील 'अडॅप्ट' ही संस्था, जिची सुरुवात १९७२ मध्ये स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया या नावाने झाली होती, त्यांच्यासोबत सर्वोच्च न्यायालयात गेली. चार वर्षांनी, १२ मे २०१६ रोजी न्यायालयाने निकाल दिला. कंपनीने दहा लाख रुपयांची भरपाई द्यावी, असा आदेश झाला. अपंग व्यक्तीला हवी असते ती दया नव्हे, तर इतरांइतक्याच प्रतिष्ठेने जगण्याची संधी, हा त्या निकालाचा गाभा.

निकालाची शाई वाळून सहा वर्षे झाली आणि ७ मे २०२२ रोजी रांचीच्या विमानतळावर इंडिगो कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी एका विशेष मुलाला विमानात चढू दिले नाही. मुलगा घाबरलेला होता, अस्वस्थ होता. त्याला शांत करण्याऐवजी प्रवेश नाकारणे सोपे वाटले. आईवडीलही मग गेले नाहीत. तेथे उभ्या असलेल्या सहप्रवाशांनी मात्र या कुटुंबाची बाजू घेतली. त्यांत डॉक्टरही होते. वाटेत गरज पडली तर आम्ही आहोत, असे त्यांनी सांगून पाहिले. उपयोग झाला नाही. महासंचालनालयाने त्या महिन्याच्या अखेरीस कंपनीला पाच लाखांचा दंड केला.

या प्रसंगातील एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. सामान्य भारतीय माणूस त्या मुलाच्या बाजूने उभा राहिला. गणवेशातील व्यवस्था मात्र विरुद्ध बाजूला होती. म्हणजे समाजाची संवेदना मेलेली नाही. व्यवस्थेने ती आपल्या कामकाजात उतरवलेली नाही.

नियमांचा तुटवडा नाही

आपल्याकडे कायदे नाहीत म्हणून हे घडते, असे म्हणण्याची सोय नाही. विमानांत व त्यांतील प्रसाधनगृहांत अपंगांना सुलभपणे वावरता यावे, हे १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यातच लिहिलेले होते. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराला भारताने २००७ मध्ये मान्यता दिली. महासंचालनालयाने अपंग व हालचालींवर मर्यादा असलेल्या प्रवाशांसाठी १ मे २००८ रोजी स्वतंत्र नियमावली काढली, २०१४ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली आणि रांचीच्या प्रकरणानंतर २०२२ मध्ये तिच्यात पुन्हा दुरुस्ती झाली. डिसेंबर २०१५ मध्ये सुगम्य भारत अभियान सुरू झाले व विमानतळ त्यात समाविष्ट झाले. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला, त्याने अपंगत्वाचे सात प्रकार वाढवून एकवीस केले. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी तर सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच बजावले की, सुगम्यतेचे निकष हे केवळ शिफारशी असू शकत नाहीत. ते बंधनकारकच असले पाहिजेत.

महासंचालनालयाची नियमावली काय म्हणते तेही प्रत्येकाने जाणून घ्यावे. अपंगत्वाच्या कारणावरून कोणालाही प्रवास नाकारता येणार नाही. उड्डाणात प्रकृती बिघडेल अशी शंका आली, तर डॉक्टरने प्रवाशाला प्रत्यक्ष तपासून मत द्यायचे आहे. निर्णय कर्मचाऱ्याच्या वा वैमानिकाच्या नजरेवर सोडायचा नाही. निघण्याच्या विमानतळावरील इमारतीपासून विमानापर्यंत आणि विमानापासून पोहोचण्याच्या विमानतळाच्या बाहेरील दारापर्यंत साहाय्य देणे ही विमान कंपनीची जबाबदारी आहे आणि त्यासाठी एक पैसाही जादा घ्यायचा नाही.

इतके सारे कागदावर आहे. मग मुंबईत खुर्ची एकच का आली?

जबाबदारीचे तुकडे

उत्तर शोधायचे तर साहाय्याची ही यंत्रणा कशी चालते ते पाहावे लागेल. तिकीट काढताना प्रवासी आपली गरज सांगतो. जगभरच्या विमान कंपन्यांत त्यासाठी ठरलेली चार अक्षरी सांकेतिक नावे आहेत. ज्याला लांब चालवत नाही पण जिना चढता येतो तो 'डब्ल्यूसीएचआर'. ज्याला जिनाही चढवत नाही तो 'डब्ल्यूसीएचएस'. आणि ज्याला आसनापर्यंत उचलून वा अरुंद खुर्चीवरून न्यावे लागते तो 'डब्ल्यूसीएचसी'. या संकेतांवरून किती खुर्च्या, किती माणसे आणि अँब्युलिफ्ट, म्हणजे प्रवाशाला खुर्चीसह विमानाच्या दारापर्यंत उचलून नेणारे वाहन, लागेल की नाही, हे विमान उतरण्याच्या कितीतरी आधी कळलेले असते. न्यूयॉर्कहून मुंबईला यायला बारा तासांहून अधिक काळ लागतो. विमानात कोणाकोणाला खुर्ची हवी आहे, याची यादी विमान हवेत असतानाच मुंबईत हाती असते. तेव्हा 'खुर्च्या कमी पडल्या' हा नैसर्गिक आपत्तीसारखा प्रकार नव्हे, ते सरळसरळ नियोजनाचे अपयश आहे.

पण हे अपयश कोणाचे? येथेच खरी मेख आहे. नियमाने जबाबदारी विमान कंपनीची. कंपनी ते काम बहुधा दुसऱ्या संस्थेला कंत्राटाने देते. खुर्ची ढकलणारा तरुण असतो त्या कंत्राटदाराचा. इमारत, उद्वाहने, उतरंडी विमानतळ चालवणाऱ्याच्या. सुरक्षा तपासणी औद्योगिक सुरक्षा दलाची. प्रवासी एक, आणि त्याला हाताळणारे चौघे! काही चुकले की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. कंत्राटी तरुणाला दोष देणे सर्वांत सोपे. पण एका खुर्चीमागून दुसरी खुर्ची धावत ढकलणाऱ्या त्या पोरालाही जोवर पुरेसे प्रशिक्षण आणि पुरेसे साथीदार मिळत नाहीत, तोवर त्याच्यावर रागावून काय साधणार?

इतरत्र हा गुंता कसा सोडवला आहे? अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने संपूर्ण जबाबदारी विमान कंपनीवर टाकली. युरोपीय संघाने २००६ च्या नियमाने उलट मार्ग धरला. तेथे साहाय्य देण्याचे काम विमानतळ चालवणाऱ्याचे; त्याचा खर्च सर्व कंपन्यांकडून प्रवाशांच्या संख्येनुसार गोळा केला जातो आणि अपंग प्रवाशाला काहीही द्यावे लागत नाही. ब्रिटनमधील नागरी विमान वाहतूक प्राधिकरण दरवर्षी प्रमुख विमानतळांची या सेवेवरून प्रतवारी करून ती जाहीर करते. कोणता विमानतळ उत्तम, कोणता निकृष्ट, हे साऱ्या देशाला कळते. पश्चिमेकडचे सारेच अनुकरणीय नसते, हे आपण नेहमी म्हणतो आणि ते खरेच आहे. पण जेथे ते आपल्या वृद्धांना व अपंगांना आपल्याहून चांगले वागवतात, तेथे मातृदेवो भव, पितृदेवो भव म्हणणाऱ्या समाजाने संकोच न करता शिकले पाहिजे. किंबहुना, तेथे थोडी लाजही वाटली पाहिजे.

तीन सबबी

या विषयावर तीन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला सुरक्षेचा. आणीबाणीत अपंग प्रवासी इतरांच्या वाटेत येईल, असे म्हणतात. सुरक्षा महत्त्वाची आहेच, त्याविषयी दुमत नाही. पण त्या आधारावर निर्णय करायचा तर तो प्रशिक्षित माणसाने, तपासणीअंती करावा लागतो. जीजा घोष यांच्या बाबतीत 'सुरक्षा' हे कारण नव्हते. अपरिचित शरीर पाहून वाटलेल्या अस्वस्थतेला दिलेले ते प्रतिष्ठित नाव होते.

दुसरा आक्षेप खर्चाचा. स्वस्त तिकिटांच्या काळात ही चैन कोणाला परवडणार, असा सूर असतो. प्रत्येक तिकिटात विमानतळ विकासाच्या नावाने शुल्क घेतले जाते. त्यातून संगमरवरी दालने आणि परदेशी अत्तरांची दुकाने उभी राहतात. त्याच पैशातून पुरेशा खुर्च्या आणि अँब्युलिफ्ट उभ्या राहत नसतील, तर प्रश्न पैशाचा नाही, अग्रक्रमाचा आहे. खर्च सर्व प्रवाशांत वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला किती येईल? आज जो तरुण रांगेतून झपझप पुढे जातो, त्यालाही उद्या म्हातारपण आहेच.

तिसरा आक्षेप गैरवापराचा आणि तो खोटा नाही. रांगा टाळण्यासाठी धडधाकट माणसे खुर्ची मागतात. चढताना खुर्ची आणि उतरताना सर्वांच्या पुढे धाव, हे दृश्य अनेकांनी पाहिले असेल. हे पाप आहे, असेच म्हटले पाहिजे. जी खुर्ची तुम्ही फुकटात अडवली, ती कदाचित कोणा ऐंशी वर्षांच्या गृहस्थांना मिळाली असती! परंतु उपाय काय? प्रत्येकाकडे संशयाने पाहणे नव्हे. हृदयरोग, संधिवात, दमा अंगावर दिसत नाहीत. शिवाय आपल्याकडील अनेक ज्येष्ठ खुर्ची मागतात ते पायांसाठी नव्हे, तर भाषेच्या व वाट चुकण्याच्या भीतीपोटी. त्यांना खुर्ची नको असते, सोबत हवी असते. अशा सोबतीसाठीही 'मास' हा वेगळा संकेत विमान कंपन्यांत आहे. तो नीट राबवला, मराठी, हिंदी, गुजराती, तेलुगू बोलणारा एक माणूस दहा ज्येष्ठांना एकत्र घेऊन गेला, तर कित्येक खुर्च्या ज्यांना खरोखर हव्यात त्यांच्यासाठी मोकळ्या होतील.

शरीराचा भाग, सामान नव्हे

ऑक्टोबर २०२१ मध्ये सुधा चंद्रन यांनी एक चित्रफीत प्रसिद्ध केली. अपघातात पाय गमावल्यावर कृत्रिम पायावर नृत्य करून देशाचे नाव उंचावणाऱ्या या मुंबईच्या कलावतीला विमानतळावर तपासणीसाठी तो पाय वारंवार काढायला लावत होते. त्यांनी थेट पंतप्रधानांना विनंती केली. सुरक्षा दलाने क्षमा मागितली, हे त्यांना भूषणावह. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही म्हटले की, कृत्रिम अवयव काढायला लावणे आणि संमतीवाचून अपंग व्यक्तीला उचलणे, हे मानवी प्रतिष्ठेशी सुसंगत नाही. प्रश्न उरतो तो हा की, ज्या अपंग भगिनीची चित्रफीत कोणी पाहणार नाही, तिने कोणाकडे दाद मागावी?

हीच कथा स्वतःच्या चाकाच्या खुर्चीची. ती वापरणाऱ्याला ती म्हणजे त्याचे पाय. ती सामानाच्या पोटात फेकली जाते आणि पलीकडे चाक मोडलेल्या अवस्थेत मिळते. कायद्याच्या लेखी मात्र ती एक बॅग! देशांतर्गत प्रवासात सामानाच्या नुकसानभरपाईची मर्यादा आहे प्रतिप्रवासी २० हजार रुपये. विजेवर चालणाऱ्या चांगल्या खुर्चीची किंमत लाखांच्या घरात जाते. माणसाचे पाय मोडायचे आणि सुटकेसची किंमत हातावर ठेवायची, याला न्याय म्हणत नाहीत.

शब्द बदलला, दृष्टी?

जनकाच्या सभेत आठ ठिकाणी वाकलेला अष्टावक्र आला तेव्हा विद्वान हसले, ही कथा आपण लहानपणी ऐकली आहे. ज्यांना माणसाचे फक्त कातडे दिसते त्यांची ही कसली विद्वत्सभा, असे त्या कुमाराने सुनावले. जनकाने त्याला दया म्हणून आसन दिले नाही. त्याची योग्यता ओळखली आणि त्याच्यापुढे शिष्य होऊन बसला. आपल्या परंपरेने अपंगत्वाकडे कसे पाहावे याचा हा धडा आहे. परंतु त्याच समाजात अपंगत्वाला पूर्वजन्मीचे फळ म्हणून गप्प बसवणारेही आहेतच, हे मान्य करण्याचा प्रामाणिकपणा आपण दाखवला पाहिजे.

डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी 'विकलांग' ऐवजी 'दिव्यांग' हा शब्द सुचवला. त्यामागील भावना उदात्त आहे. पण शब्द ही सुरुवात असते, पूर्तता नव्हे. दिव्यांग म्हणून गौरवायचे आणि खुर्चीसाठी तासभर तिष्ठत ठेवायचे, ही विसंगती त्या शब्दालाच पोकळ करते. २०११ च्या जनगणनेनुसार या देशात २ कोटी ६८ लाख अपंग बांधव आहेत. त्यांना देवत्व नको आहे. वेळेवर येणारी खुर्ची हवी आहे.

म्हणून काही मागण्या ठामपणे मांडल्या पाहिजेत. एक : प्रत्येक विमानतळावर या साहाय्यासाठी अंतिम उत्तरदायी असा एकच अधिकारी असावा आणि त्याचे नाव व दूरध्वनी दर्शनी भागात लिहिलेला असावा. दोन : किती जणांनी साहाय्य मागितले, किती जणांना ते किती वेळात मिळाले, हे प्रत्येक विमानतळाने दर महिन्याला जाहीर करावे. विमाने वेळेवर सुटल्याची आकडेवारी प्रसिद्ध होते, मग माणसे वेळेवर पोहोचल्याची का नाही? तीन : खुर्ची, कुबड्या, कृत्रिम अवयव यांना सामान न मानता नुकसानीची पूर्ण भरपाई द्यावी. चार : कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण अपंग व्यक्तींच्या सहभागाने व्हावे. पाच : दंडाची रक्कम सरकारी तिजोरीत जाऊन पीडिताच्या हाती काहीच पडत नसेल, तर तो न्याय अर्धाच आहे. भरपाईसाठी चार वर्षे न्यायालयात झगडावे लागू नये.

आणि आपण? प्रवासाच्या किमान ४८ तास आधी गरज नोंदवावी, तिकिटावर तसा संकेत आला आहे याची खात्री करावी. स्वतःची खुर्ची असेल तर ती विमानाच्या दारापर्यंत वापरू देण्याचा आग्रह धरावा. नाकारले गेले तर लेखी कारण मागावे. 'एअरसेवा'वर आणि गरज पडल्यास दिव्यांगजन आयुक्तांकडे तक्रार करावी. 'जाऊ दे, कशाला भांडायचे' ही आपली मध्यमवर्गीय सोशिकता हीच बेफिकीर व्यवस्थेची सर्वांत मोठी शक्ती आहे. गरज नसताना खुर्ची मागणाऱ्या आपल्याच आप्ताला मात्र घरातच थांबवावे. आणि रांचीच्या त्या सहप्रवाशांप्रमाणे, कोणावर अन्याय होताना दिसला तर आपले विमान चुकेल या भीतीने मान फिरवू नये.

दंड भरून कंपनी मोकळी झाली, बातमी छापून वृत्तपत्रे मोकळी झाली. पण मुंबईच्या त्या लांबलचक मार्गिकेत खुर्चीवर बसून पुढे गेलेल्या त्या वृद्धेने मागे वळून पाहिले असेल, तेव्हा तिला जे दिसले, त्याची भरपाई कोणत्या लाखांत होणार आहे? दुसरी खुर्ची वेळेवर आली असती, एवढेच तिचे मागणे होते. तेवढेही पुरे न करणाऱ्या व्यवस्थेने आकाशात कितीही उंच भरारी घेतली, तरी तिचे पाय अजून जमिनीला लागलेले नाहीत!